प्रश्नचिन्हे, चौकोन आणि हरवलेला ‘ठ’

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधला मराठी मजकूर

या वेळच्या बहुतेक पत्रांत ‘मराठी बिघडते’ हीच तक्रार निरनिराळ्या रूपांत आली आहे. उत्तरांआधी एक विनंती. पत्रासोबत स्क्रीनचा फोटो येतो, पण नुसत्या फोटोवरून निदान होत नाही. डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगळे असू शकतात, आणि स्क्रीनवर पार विद्रूप दिसणारे नाव आत धडधाकट असू शकते. म्हणून त्या जागी नेमक्या कोणत्या बाइट्स साठवल्या आहेत ते आधी पाहा आणि मगच दुरुस्तीला हात घाला. खाली बाइट्सचे आकडे दशमान पद्धतीने दिले आहेत. हेक्स एडिटरमध्ये २२४ ही बाइट ‘ई-शून्य’, १६४ ‘ए-चार’ आणि १६५ ‘ए-पाच’ अशी दिसेल.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर व्हीबी-६ मधले आहे, मागे एसक्यूएल सर्व्हर. सभासदांची नावे मराठीत भरली की नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. एका मशीनवर चौकोन येतात. कॉलम एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा प्रकार) केला, मंगल फॉन्ट टाकला, तरी तेच. भरलेली नावे परत मिळतील का? (सांगली)

उत्तर : चौकोन आणि प्रश्नचिन्ह हे दोन वेगळे आजार आहेत. चौकोन दिसतो तेव्हा अक्षर शाबूत असते, फक्त त्याचे चित्र त्या फॉन्टमध्ये नसते. विंडोज १० मध्ये मंगल हा फॉन्ट ऐच्छिक ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ संचात गेला आहे, तो आपोआप येत नाही. विंडोज ८ पासून निर्मला यूआय मात्र सोबत येतो. त्या मशीनवर फॉर्मला निर्मला लावून पाहा.

प्रश्नचिन्हाची गोष्ट गंभीर आहे. हिंदी-मराठीसाठी विंडोजमध्ये एएनएसआय कोड पेज (युनिकोडआधीची, ठरावीक भाषांपुरती अक्षरसूची) कधी नव्हतेच. त्यामुळे युनिकोड मजकूर वाटेत कुठेही एएनएसआयच्या दारातून गेला, की तिथे न मावणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी विंडोज ६३ ही बाइट ठेवते, म्हणजेच प्रश्नचिन्ह. मूळ अक्षराची कोणतीही खूण मागे उरत नाही. तुमच्या रचनेत अशी तीन दारे आहेत.

पहिले दार व्हीबी-६ ची टेक्स्टबॉक्स आणि लेबले. व्हीबी-६ ची स्ट्रिंग आतून यूटीएफ-१६ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) आहे, पण तिची मूळ कंट्रोल्स एएनएसआय आहेत. दुसरे दार कोडमध्ये जोडून तयार केलेली एसक्यूएल वाक्ये. अवतरणाआधी मोठा ‘एन’ नसेल, तर कॉलम एनव्हारकॅर असूनही ते अक्षरशब्द आधी डेटाबेसच्या कोड पेजमध्ये उतरतात, आणि मग कॉलममध्ये जातात ती प्रश्नचिन्हेच. तिसरे दार एडीओचे (व्हीबीला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाचे) पॅरामीटर. तिथे प्रकार ‘एडीव्हारकॅर’ (२००) असेल तर तो ‘एडीव्हारडब्ल्यूकॅर’ (२०२) करा.

आता नुकसान किती झाले ते पाहा. मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये नावाचा कॉलम व्हारबायनरीमध्ये कास्ट करून दाखवा. एनव्हारकॅरमध्ये देवनागरी नाव धड असेल तर प्रत्येक दुसरी बाइट ०९ दिसेल (‘म’ म्हणजे २ई ०९; इथले आकडे मात्र हेक्स पद्धतीचे आहेत, ३एफ म्हणजे ६३), फक्त मोकळ्या जागेपाशी २० ०० येईल. जिथे ‘३एफ ००’ ची रांग लागली आहे तिथे नाव गेले. ते बॅकअपमधून किंवा सभासदाच्या कागदी अर्जावरूनच परत येईल. कोणतीही युटिलिटी ते परत आणू शकत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

एक काम मात्र आजच करा. पडद्यावर प्रश्नचिन्हे दिसतात म्हणून डेटाबेसमध्येही तीच असतील असे नाही. आत नाव चांगले असते, व्हीबीचा टेक्स्टबॉक्स ते प्रश्नचिन्हात दाखवतो, कारकून पत्ता बदलण्यासाठी फॉर्म उघडतो आणि ‘सेव्ह’ दाबतो. त्या क्षणी धड नावावर प्रश्नचिन्हे लिहिली जातात. नुकसान रोज असे थोडे थोडे वाढत असते. तोपर्यंत त्या फॉर्मच्या अपडेट वाक्यातून मराठी कॉलम काढून टाका.

कायमच्या उपायात ‘मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स २.०’ ची टेक्स्टबॉक्स युनिकोड दाखवते, पण ती ऑफिससोबत येते, तुमच्या सेटअपमध्ये घालून वाटायला परवानगी नाही. ‘क्रिएटविंडोएक्स-डब्ल्यू’ने युनिकोड एडिट बॉक्स स्वतः उभी करता येते, मेहनत बरीच आहे. आमचे मत विचाराल तर नाव-पत्त्याचे दोन-तीन फॉर्म तेवढे डॉट नेटमध्ये नव्याने लिहा, बाकी हिशोबाचा भाग आहे तसा चालू द्या. विंडोजच्या सेटिंगमधली ‘बीटा : जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा’ ही खूण लावण्याचा मोह टाळा. तिचा परिणाम त्या मशीनवरच्या सगळ्या एएनएसआय प्रोग्रॅमवर होतो, आणि एक अक्षर म्हणजे एक बाइट असे धरून लिहिलेले जुने प्रोग्रॅम कोलमडतात.

प्रश्न : शेतकऱ्यांच्या यादीची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून, दुरुस्त करून परत आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. सगळी नावे विचित्र लॅटिन अक्षरांची झाली. काही नावे उलटे रूपांतर करून मिळाली, पण ‘ठ’ आणि ‘भ’ असलेली नावे आणि बरीच जोडाक्षरे मिळत नाहीत. असे ठरावीक अक्षरांचेच का होते? (नाशिक)

उत्तर : तुमचे निरीक्षण अगदी अचूक आहे, आणि त्याला नेमके कारण आहे.

यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट्स लागतात. पहिली कायम २२४, दुसरी १६४ किंवा १६५, तिसरी अक्षराप्रमाणे बदलते. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोड आहे हे सांगणारी खूण) नसेल तर डबल-क्लिकने उघडलेली सीएसव्ही एक्सेल एएनएसआय समजून वाचते, आपल्याकडच्या मशीनवर म्हणजे सहसा विंडोज-१२५२. त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे चिन्ह आणि १६५ म्हणजे येनचे. म्हणून बिघडलेल्या मराठीत ही तीन चिन्हे पुन्हा पुन्हा दिसतात.

‘मराठी’ हाच शब्द घ्या. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे, १५ बाइट्स. त्यातल्या ‘ठ’च्या बाइट्स आहेत २२४, १६४, १६०. आणि १६० म्हणजे १२५२ मध्ये ‘न तुटणारी मोकळी जागा’. कोणी जादा स्पेस साफ करणारे फंक्शन चालवले की तिची साधी स्पेस होते. ती शब्दाच्या शेवटी असेल, जसे ‘शेठ’ किंवा ‘पाठ’, तर डॉट नेटचे ट्रिम तिला कापूनच टाकते. ‘भ’ची तिसरी बाइट १७३ म्हणजे ‘सॉफ्ट हायफन’. तो एरवी दिसत नाही आणि कॉपी-पेस्टमध्ये गळून जातो.

जोडाक्षरांचे दुखणे निराळे. १२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. नेमक्या याच आपल्या उकाराच्या आणि चंद्रबिंदूच्या (१२९), पाय मोडायच्या हलन्ताच्या (१४१), ‘ए’च्या (१४३), ‘ऐ’च्या (१४४) आणि ‘झ’च्या (१५७) शेवटच्या बाइट्स आहेत. विंडोज स्वतः रूपांतर करते तेव्हा त्या अदृश्य नियंत्रण-चिन्हांच्या रूपात टिकतात आणि परत फिरवता येतात. मधल्या एखाद्या प्रोग्रॅमने नियंत्रण-चिन्हे गाळली की त्या गेल्या.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. ज्या नावात एक जरी खरे देवनागरी अक्षर आहे त्याला हात लावू नका. उरलेल्या नावांवर कोड पेज १२५२ चे ‘गेटबाइट्स’, मग त्या बाइट्सवर यूटीएफ-८ चे ‘गेटस्ट्रिंग’. डॉट नेट कोअर आणि त्यापुढे १२५२ मिळण्यासाठी आधी ‘कोडपेजेस एन्कोडिंग प्रोव्हायडर’ नोंदवावा लागतो. दोन्ही एन्कोडिंग कडक स्वरूपात घ्या, म्हणजे चुकीची बाइट आली की एक्सेप्शन फेकणारी. नेहमीच्या स्वरूपात ती गुपचूप काळा चौकट-आकार किंवा प्रश्नचिन्ह ठेवतात आणि तुमच्या हातातला शेवटचा पुरावाही जातो. एक्सेप्शन आलेली नावे वेगळ्या यादीत काढा.

त्या यादीत २२४, १६४ च्या मागे साधी स्पेस (३२) दिसली तर जवळजवळ नेहमी तो ‘ठ’ असतो, ३२ चे १६० करून पुन्हा चालवा. २२४, १६५ च्या मागे काहीच नसेल तर उकार किंवा हलन्त यांपैकी काय ते यंत्राला सांगता येत नाही. २२४, १६४ च्या मागे काही नसेल तर भ, ए, ऐ, झ, चंद्रबिंदू किंवा शेवटी कापला गेलेला ‘ठ’. इथे माणसाने नाव वाचून ठरवायचे. गावातली आडनावे ठाऊक असलेली व्यक्ती सोबत बसवा, काम भराभर होते आणि चुकत नाही.

बिघडलेल्या नावाची लांबी मूळच्या तिप्पट असेल तर बिघाड एकदाच झाला आहे. सहा-सात पट असेल तर तोच प्रकार दोनदा घडला आहे, उलटी क्रियाही दोनदा करावी लागेल.

पुढे असे होऊ नये म्हणून सीएसव्ही लिहिताना सुरुवातीला २३९, १८७, १९१ या तीन बाइट्सचा बीओएम घाला, पायथनमध्ये त्यासाठी ‘यूटीएफ-८-सिग’ हे नाव आहे. किंवा एक्सेलमध्ये डबल-क्लिक न करता ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा आणि फाइलचे मूळ ६५००१ निवडा. बीओएम घातलात तर तुमच्या वाचणाऱ्या कोडलाही तो गाळायला शिकवा, नाहीतर पहिल्या कॉलमचे नाव जुळत नाही, कारण त्याच्या आधी एक अदृश्य चिन्ह चिकटलेले असते.

प्रश्न : पायथनमध्ये मराठी फाइल उघडली की ‘कॅरमॅप कोडेक १४१ ही बाइट वाचू शकत नाही’ अशा अर्थाची चूक येते. तीच फाइल लिनक्सवर चालते. (छत्रपती संभाजीनगरहून बंगळुरूला गेलेला विद्यार्थी)

उत्तर : वर सांगितलेली ती पाच रिकाम्या जागांची गोष्ट. १४१ म्हणजे फाइलमधले पहिले जोडाक्षर. विंडोजवर ‘ओपन’ला एन्कोडिंग सांगितले नाही तर ते १२५२ धरते, आणि पायथन या जागांबाबत विंडोजइतके सैल नाही. दरवेळी एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहा. ही चूक येते हे खरे तर तुमचे भाग्य. फाइलमध्ये उकार, चंद्रबिंदू, जोडाक्षर, ए, ऐ, झ यांपैकी काहीच नसते, तर चूक न येता सगळा मजकूर बिघडून पुढे गेला असता.

प्रश्न : ओरॅकलमध्ये नावाचा कॉलम व्हारकॅर२(३०) आहे. इंग्रजी नावे सहज बसतात, मराठीत चार-पाच अक्षरांचे नावही ‘मोठे आहे’ म्हणून नाकारले जाते. शिवाय छापताना २० अक्षरांवर कापले की शेवटी ठिपक्यांचे वर्तुळ किंवा लोंबकळणारा हलन्त येतो. (सोलापूर)

उत्तर : ‘ज्ञानेश्वर’ मोजून पाहू. आपण वाचतो ती अक्षरे चार : ज्ञा, ने, श्व, र. आत साठवलेली चिन्हे दहा : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. यूटीएफ-८ मध्ये बाइट्स ३०. तुमच्या कॉलममध्ये हे नाव काठोकाठ बसते आणि ‘ज्ञानेश्वरी’ची एक वेलांटी वाढली की ३३ होऊन ओआरए-१२८९९ येते. ओरॅकल डीफॉल्टने ३० म्हणजे ३० बाइट्स धरते. कॉलम ‘३० कॅर’ असा घोषित करा, आणि मराठी पूर्ण नावासाठी ३० चिन्हेही अपुरी आहेत, १०० ठेवा. एसक्यूएल सर्व्हरच्या एनव्हारकॅर(३०) मध्ये ३० देवनागरी चिन्हे मावतात, पण तिथेही ती वाचली जाणारी अक्षरे नव्हेत.

कापताना ‘सबस्ट्रिंग’ वापरू नका. डॉट नेट ५ पासून ‘स्ट्रिंगइन्फो’ हा वर्ग मात्रा-वेलांट्या मूळ अक्षरापासून तोडत नाही. जोडाक्षराची हमी मात्र तिथे गृहीत धरू नका. देवनागरी जोडाक्षर हलन्तापाशी न तोडण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी ‘ज्ञा’चे ‘ज्’ आणि ‘ञा’ असे दोन तुकडे करते. म्हणून स्वतःची एक तपासणी जोडा : कापायच्या जागेच्या पुढचे चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता, हलन्त किंवा जोडणारे अदृश्य चिन्ह असेल, अथवा मागचे चिन्ह हलन्त असेल, तर एक पाऊल मागे या आणि पुन्हा तपासा.

स्पेस भरून रकाने सरळ करण्याची इंग्रजी युक्तीही मराठीत चालत नाही, कारण अक्षरांच्या रुंदी सारख्या नसतात. प्रत्येक रकान्याची सुरुवात मिलिमीटरमध्ये ठरवा आणि मजकूर तिथे छापा.

प्रश्न : मोठी मराठी फाइल वाचताना साधारण ठरावीक अंतरावर एखादे अक्षर जाऊन तिथे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. फाइल नोटपॅडमध्ये ठीक दिसते. (कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही फाइल ४०९६ बाइट्सच्या तुकड्यांत वाचून प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्रपणे स्ट्रिंगमध्ये रूपांतर करत असणार. ४०९६ मध्ये तीन-तीन बाइट्सची १३६५ चिन्हे बसतात आणि एक बाइट उरते. म्हणजे पुढच्या चिन्हाचे डोके या तुकड्यात आणि धड त्या तुकड्यात. बफर ४०९५ करून भागणार नाही, कारण स्पेस आणि नवी ओळ एकेका बाइटची असते. उरलेली बाइट लक्षात ठेवणारा ‘डीकोडर’ वापरा, किंवा सरळ ‘स्ट्रीमरीडर’. नेटवर्कवरून येणाऱ्या मजकुरालाही हेच लागू.

प्रश्न : शोध खिडकीत ‘बँक’ टाइप केले की निम्म्याच नोंदी सापडतात. ‘दुसऱ्या’, ‘ॲड.’ यांचेही तसेच. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. युनिकोड नॉर्मलायझेशन करून पाहिले, फरक पडला नाही. (पुणे)

उत्तर : मराठीपुरता हा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. हिंदीसाठी तयार केलेल्या लायब्रऱ्यांना त्याची जाणीव नसते, म्हणून तो आपणच सोडवायला हवा.

‘बँक’ दोन तऱ्हांनी टाइप होते. एकात ब वर चंद्रबिंदू (युनिकोड क्रमांक यू+०९०१). दुसऱ्यात ब वर अर्धचंद्र (यू+०९४५) आणि त्यापुढे अनुस्वार (यू+०९०२). बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखीच दिसतात. ‘ॲ’चे तसेच. त्याला स्वतंत्र स्थान (यू+०९७२) २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाले. त्याआधीचा आणि आजचाही पुष्कळ मजकूर ‘अ’वर अर्धचंद्र अशा दोन चिन्हांचा आहे, आणि काही जण हिंदी कीबोर्डवरचा ‘ऍ’ (यू+०९०डी) वापरतात. युनिकोडच्या दृष्टीने ही सगळी वेगवेगळी अक्षरे आहेत, म्हणून नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. ते चुकलेले नाही, ते त्याचे कामच नव्हे.

‘दुसऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र हा खास आपला. तो ‘ऱ’ (यू+०९३१), हलन्त, य असा लिहिता येतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ शिफ्ट आणि जे या कळीवर आहे. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त, मग जोडणारे अदृश्य चिन्ह (यू+२००डी) आणि य. आकार तोच, बाइट्स वेगळ्या.

उपाय म्हणजे मूळ नाव जसेच्या तसे ठेवून शेजारी एक ‘शोध-रूप’ कॉलम करा आणि शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून काढून या कॉलमशी जुळवा. फंक्शनमधला क्रम महत्त्वाचा आहे. आधी एनएफसी नॉर्मलायझेशन, त्यात ‘र अधिक नुक्ता’चा ‘ऱ’ होतो. मग ‘र, हलन्त, यू+२००डी’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’. मग अर्धचंद्र अधिक अनुस्वाराच्या जागी चंद्रबिंदू, ‘अ’ अधिक अर्धचंद्र आणि ‘ऍ’ या दोन्हींच्या जागी ‘ॲ’. हे सगळे झाल्यावर उरलेली अदृश्य चिन्हे (यू+२००सी, यू+२००डी, बीओएम) काढून टाका.

अदृश्य चिन्हे आधी काढलीत तर काय होते ते पाहा. अदृश्य चिन्हाने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीतल्या दऱ्या आणि समुद्र यांत फरक उरत नाही. ‘आचाऱ्याला’ दिलेले मानधन ‘आचार्याला’ दिल्याचे दिसेल. मराठीत हा अर्थभेद खरा आहे, तो शोधातही टिकला पाहिजे.

आणि शोध-रूप मूळ नावाच्या कॉलमवर कधीही लिहू नका. माणूस आपले नाव जसे लिहितो तसेच ते पासबुकावर छापले जायला हवे.

प्रश्न : रकमेच्या चौकटीत मराठी अंक टाइप केले तर तपासणीत पास होतात, पण सेव्ह करताना प्रोग्रॅम बंद पडतो. सी-शार्प आहे. (अहिल्यानगर)

उत्तर : डॉट नेटच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश-डी म्हणजे जगातल्या कोणत्याही लिपीचा अंक, म्हणून ‘५००’ पास होते. पण ‘इंट.पार्स’ला फक्त इंग्रजी अंक कळतात. जावाचे ‘पार्सइंट’ आणि पायथनचे ‘इंट’ देवनागरी अंक घेतात, त्यामुळे तिथून आलेल्या प्रोग्रॅमरला हे लक्षात येत नाही. मराठी अंकांना बंदी घालू नका, टाइप करणाऱ्याची ती सोय आहे. देवनागरी शून्य ते नऊ यांचे कोड २४०६ ते २४१५. चौकटीतून वाचताक्षणी या टप्प्यातल्या चिन्हातून २३५८ वजा करा की इंग्रजी अंक मिळतो. मग पार्स करा.

प्रश्न : यादी अकारविल्हे लावली तर क्षीरसागर ‘क’च्या शेवटी जातात. (ठाणे)

उत्तर : ‘क्ष’ म्हणजे आत क, हलन्त, ष. कोडच्या क्रमाने लावले तर तो ‘कौ’नंतर आणि ‘ख’च्या आधी येणारच. ‘ळ’ही ल आणि व यांच्यामध्ये घुसतो. तुलना करताना ‘एमआर-आयएन’ ही संस्कृती (‘कल्चर’, म्हणजे भारतातल्या मराठीच्या नियमांचा संच) स्पष्ट द्या, मशीनच्या भाषेवर सोडू नका. कौल, खडक, हळद, क्षमा, ज्ञान हे पाच शब्द उलटसुलट देऊन याच क्रमाने येतात का ते पाहा. डेटाबेसने लावलेल्या यादीवर प्रोग्रॅममध्ये बायनरी सर्च करत असाल तर दोघांचे नियम एकच हवेत, नाहीतर असलेली नोंद ‘नाही’ म्हणून येते.

प्रश्न : दुकानाच्या थर्मल प्रिंटरवर मराठी आणि कोकणी बिल छापायचे आहे. प्रिंटरला मजकूर पाठवला की कचरा छापला जातो. (म्हापसा, गोवा)

उत्तर : या प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टमध्ये सहसा देवनागरी नसते, आणि नुसती अक्षरे असून भागतही नाही. वेलांटी अक्षराच्या आधी काढणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणे, जोडाक्षर जुळवणे ही कामे करणारे कोणी तिथे नसते. म्हणून बिल चित्र म्हणून पाठवा.

विंडोजचा ड्रायव्हर बसवलेला असेल तर नेहमीसारखे छापा, फक्त प्रिंटरचा स्वतःचा फॉन्ट न निवडता निर्मला यूआय निवडा. ड्रायव्हर टाळून थेट ईएससी-पीओएस आज्ञा पाठवत असाल, तर ८० मिमी कागदासाठी ५७६ आणि ५८ मिमीसाठी ३८४ डॉट रुंदीचे कृष्णधवल चित्र तयार करा (२०३ डीपीआय म्हणजे दर मिमीला ८ डॉट). एका बाइटमध्ये ८ डॉट, म्हणजे ओळीला ७२ किंवा ४८ बाइट्स. आज्ञा अशी : २९, ११८, ४८, ०, मग रुंदीच्या बाइट्सची संख्या दोन बाइट्समध्ये (७२, ०), मग उंची डॉटमध्ये तशीच दोन बाइट्समध्ये, आणि त्यापुढे चित्र. लांब बिल एकदम पाठवले तर बफर भरून छपाई अडकते, एकेका ओळीचे चित्र वेगळे पाठवा.

चित्र काढताना अक्षरांच्या कडा मऊ करणारे अँटीअलायझिंग बंद ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटक येते. ओळीची उंची अक्षराच्या उंचीच्या निदान दीडपट ठेवा, म्हणजे वरची मात्रा-अनुस्वार आणि खालचा उकार कापले जात नाहीत. आणि पूर्ण शब्द, शक्यतो पूर्ण ओळ, एकाच आज्ञेत काढा. अक्षर-अक्षर सुटे काढले की हलन्त उघडे पडतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. पीडीएफ बनवतानाही हीच अडचण येते. आयटेक्स्ट ७ ला त्यासाठी वेगळे सशुल्क पूरक लागते, हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी मात्र मुक्त आहे.

प्रश्न : वीस वर्षांची पत्रे शिवाजी आणि श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट बदलून मंगल केला की इंग्रजी अक्षरे दिसतात. (सातारा)

उत्तर : कारण आत इंग्रजी अक्षरेच आहेत. त्या फॉन्टनी लॅटिन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले होते. युनिकोड करायचे तर प्रत्येक फॉन्टचा तक्ता हवा. ३३ ते २५५ पर्यंतचे सगळे कोड त्या फॉन्टमध्ये एका पानावर छापा आणि प्रत्येकापुढे युनिकोड रूप लिहा. त्यात अर्धा ग आणि काना असे सुटे तुकडे सापडतील, दोन्ही मिळून ‘ग’. बदलताना आधी लांब जोड्या, मग एकेक कोड.

मग क्रम लावायचा. ‘मार्मिक’ या फॉन्टमध्ये दिसते तसे टाइप झालेले असते : म, काना, पहिली वेलांटी, म, रफार, क. युनिकोडमध्ये हवे : म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे पहिली वेलांटी तिच्या पुढच्या पूर्ण जोडाक्षरामागे न्या, आणि रफार मागच्या जोडाक्षराच्या आधी ‘र, हलन्त’ करून ठेवा.

वर्ड फाइलमध्ये कोणता तुकडा कोणत्या फॉन्टचा ही माहिती असते, म्हणून रूपांतर वर्ड किंवा आरटीएफवरच करा. आधी साध्या टेक्स्टमध्ये आणलेत तर पत्रातला इंग्रजी पत्ता आणि मराठी मजकूर यांच्यातला फरक पुसला जातो आणि पत्त्याचीही ‘मराठी’ होते. रूपांतरानंतर मूळ फाइली आणि ते फॉन्ट दोन्ही जपून ठेवा. तक्त्यातली एखादी चूक दोन वर्षांनी सापडली, तर ती दुरुस्त करून सगळे पुन्हा चालवता आले पाहिजे.